हद्दीपर्यंतचा रस्ता

रस्त्याच्या कडेचे दगड वाचत प्रवास करण्याची मला जुनी सवय आहे. ‘रामा’, ‘प्रजिमा’, ‘इजिमा’, ‘ग्रामा’ ही अक्षरे महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्यात भेटतात. राज्य मार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग. बाहेरचा माणूस ‘रामा’ वाचून हे कुणाचे तरी नाव समजला तर त्याला हसू नये. एका अर्थी ती मालकाचीच नावे आहेत. पहिले दोन सार्वजनिक बांधकाम विभागाचे, पुढचे दोन जिल्हा परिषदेचे. त्यापुढे जिल्ह्याची हद्द संपल्याची पाटी येते आणि बहुधा तिथेच डांबराचा रंग बदलतो. कधी पुढचे डांबर बरे असते, कधी डांबरच नसते.

खेड्यातला माणूस जवळच्या बाजाराला जातो. तो बाजार कुठल्या जिल्ह्यात, कुठल्या राज्यात आहे हे तो विचारत नाही. रस्ता मात्र हद्दीतला पैसा हद्दीतच खर्चावा या नियमाने बांधला जातो. या दोहोंचा मेळ घालण्याचे प्रयत्न आपल्याकडे दीडशे वर्षे चालू आहेत. त्यांतले काही जमले, बरेचसे जमले नाहीत. का, हे मला पाहायचे आहे. सोबतीला बेळगाव–वेंगुर्ले रस्ता आणि त्यावरचा चंदगड तालुका घेतो, कारण या एका वाटेवर हद्दींचा सगळा खेळ पाहायला मिळतो.

इतिहासाच्या वर्गात मी कधी बसलेलो नाही. नोकरी सांभाळून जुनी जिल्हा गॅझेटियरे वाचत गेलो एवढेच. त्यांत एक गंमत आहे. रस्त्यांची माहिती ‘व्यापार’ या प्रकरणात येते आणि रस्त्यांना लागणारा पैसा येतो महसुलाच्या प्रकरणात. मधे इतिहास, जमीन, न्याय अशी शेकडो पाने. वाचणारा ती पाने उलटून दोन टोके जुळवील तर जुळवील. सरकारी व्यवहारातही ती टोके अशीच लांब राहिली, असे माझे मत होत गेले.

पैशाची गोष्ट आधी. मुंबई इलाख्यात १८६९च्या लोकल फंड कायद्याने जमीन महसुलाच्या दर रुपयामागे एक आणा जादा घ्यायला पक्का आधार मिळाला. या एका आण्याचे तीन वाटे करत. दोन वाटे रस्त्यांना, एक वाटा शाळांना. आज मराठी मुलुखात जुन्या शाळेची दगडी इमारत आणि तिच्यापर्यंत जाणारी झाडांची वाट दिसली तर दोन्ही एकाच आण्याची लेकरे असण्याचा संभव बराच आहे. त्यात तरीचे उत्पन्न, टोलनाक्यांचे उत्पन्न, कोंडवाड्यात अडकवलेल्या गुरांचा दंड अशी भर पडे. पुढे १८८४च्या कायद्याने तालुका आणि जिल्हा लोकल बोर्डे आली आणि या पैशावर थोडाफार लोकनियुक्त सभासदांचा हात पडू लागला.

व्यवस्था साधी होती आणि न्याय्यही वाटावी अशी होती. ज्याने आणा दिला त्याच्याच मुलुखात तो खर्च व्हावा. पण रस्ता ही शाळेसारखी गोष्ट नाही. शाळा गावात बांधली की पुरी होते. रस्ता अर्धा बांधला तर अर्धा उपयोगी पडत नाही, अजिबात पडत नाही. नदीपर्यंत खडी टाकली आणि पलीकडच्या काठावर दुसऱ्या बोर्डाची, दुसऱ्या संस्थानाची हद्द असली, तर त्या खडीवरून बैलगाडी फक्त पाण्यापर्यंत जाते. भीमा नदी आजही मोठ्या पट्ट्यात सोलापूर आणि विजापूर यांच्यामधली सीमा आहे. दोन्ही काठांचे लोक सोयरे असतात, देव एक असतात, बाजार एक असतात. काठावरचे फंड मात्र वेगळे.

दक्षिण महाराष्ट्रात तर हद्दी म्हणजे गोधडीचे तुकडे होते. औंध संस्थान घ्या. सारे मिळून ७२ गावे, पाचशे चौरस मैलांच्या आसपास मुलूख, आणि तोही सलग नाही. औंध एकीकडे, आटपाडी दुसरीकडे, कुंडल तिसरीकडे, आणि गुणदाळ थेट विजापूरच्या बाजूला. राजधानीतून आपल्याच महालात जायचे तर दुसऱ्याच्या राज्यातून जावे लागे. सांगली, मिरज, जत, जमखंडी, फलटण यांच्या हद्दी ब्रिटिश तालुक्यांत घुसलेल्या आणि ब्रिटिश गावे त्यांच्यात. लक्ष्मणराव किर्लोस्करांना १९१० साली औंधकरांनी कारखान्यासाठी माळ दिला तो कुंडल रोड स्टेशनाजवळचा. संस्थानिकाची जमीन आणि कंपनीची रेल्वे एकत्र आली म्हणून किर्लोस्करवाडी उभी राहिली. नांगर तयार झाला की तो रेल्वेने हिंदुस्थानभर जाई. बैलगाडीच्या वाटेला असे भाग्य क्वचित लाभले.

तरी काही रस्ते हद्दी ओलांडून गेलेच. बेळगाव–वेंगुर्ले त्यांतला ठळक. बेळगाव ब्रिटिश जिल्हा, चंदगड तेव्हा त्याच जिल्ह्यात. घाट उतरला की सावंतवाडी संस्थान. आणि समुद्रकाठी वेंगुर्ले पुन्हा ब्रिटिश, रत्नागिरी जिल्ह्यातले, सावंतवाडीकरांनी १८१२ साली इंग्रजांना दिलेले. आधी रामघाटाने वाहतूक होई. मग आंबोलीचा, जुन्या कागदांतला पारपोलीचा घाट गाडीजोगा झाला. बेळगावला लष्कर होते आणि देशावर कापूस होता. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने कापसाला जो भाव चढला होता त्याच्या आठवणीने साहेबांना सह्याद्रीच्या प्रत्येक खिंडीतून बंदर दिसत होते. तीन कारभारांतून जाणारा रस्ता एकसंध झाला तो यामुळे. याला सहकार्य म्हणायचे की नाही याबद्दल मला शंका आहे. सावंतवाडीचा पोलिटिकल एजंट मुंबई सरकारचाच माणूस, म्हणजे दोन्ही बाजूंचा होकार एकाच टेबलावर लिहिला जात होता. तरीपण गाड्या चालल्या, वेंगुर्ल्याच्या बंदरात माल उतरला, वाटेवरच्या गावांना भाडे मिळाले, हे खरे.

मग रेल्वे आली. १८८८च्या सुमारास मुरगाव बंदर कॅसलरॉकमार्गे देशावरच्या लोहमार्गाशी जोडले गेले आणि वेंगुर्ल्याचा माल तिकडे वळला. घाटातला रस्ता राहिला. त्याच्यासाठी तिन्ही कारभारांनी एकत्र बसावे असे कारण मात्र राहिले नाही. व्यापारी निकड संपली की रस्त्याचे एकेक तुकडे आपापल्या मालकाकडे परत जातात. वाटेवरच्या खेड्यांची निकड संपलेली नसते, पण ती कुणी मोजलेलीच नसते.

विसाव्या शतकात मोटार आली तेव्हा हा प्रश्न पहिल्यांदा दिल्लीच्या सभागृहात गेला. १९१९च्या सुधारणांनंतर रस्ते हा प्रांतांचा विषय झाला होता आणि प्रांतांनी त्यातला बराच भाग लोकल बोर्डांकडे सोपवला होता. बोर्डाचा आणा बैलगाडीच्या काळातला. मोटारीने खडीचा भुगा होई तो आण्यात भरून निघेना. १९२७ साली एक समिती नेमली गेली आणि तिचे अध्यक्ष झाले बॅरिस्टर मुकुंदराव जयकर. पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू म्हणून जयकर आपल्या परिचयाचे असतात. स्वराज्य पक्षातले जयकर, गोलमेज परिषदेतले जयकरही परिचयाचे असतात. रस्त्यांचे जयकर मात्र इंजिनिअरिंगच्या मुलांना परीक्षेपुरते ठाऊक असतात, हे मला अन्यायाचे वाटते. १९२८च्या त्यांच्या अहवालाने सांगितले की रस्त्यांचा बोजा प्रांत आणि बोर्डे यांच्या कुवतीबाहेर गेला आहे आणि तो देशाने उचलला पाहिजे. त्यासाठी पेट्रोलवरचा कर गॅलनला चार आण्यांवरून सहा आणे करावा आणि वरचे दोन आणे रस्त्यांसाठी वेगळे ठेवावेत. १९२९ साली ते झाले. केंद्रीय रस्ता निधी म्हणतात त्याचा हा जन्म. रस्त्यांच्या जाणकारांची कायम संस्था असावी अशीही समितीची शिफारस होती. त्यातून १९३४ साली इंडियन रोड्स काँग्रेस उभी राहिली.

इथे पहिल्यांदा हद्दीपलीकडचा सामायिक गल्ला तयार झाला. माझ्या लेखी ही जयकरांची खरी कामगिरी. पण गल्ला वाटायचा कसा? एक दशांश भाग मध्यवर्ती सरकारने राखून ठेवायचा आणि बाकीचा, जिथे जितके पेट्रोल खपते त्या प्रमाणात, प्रांतांना आणि संस्थानांना द्यायचा. वरवर पाहता यात गैर काही नाही, ज्याने भरले त्याला मिळाले. पण म्हणजे पुन्हा एक आण्याचाच न्याय. जिथे मोटारी होत्या तिथे पैसा गेला. जिथे रस्ता नव्हता तिथे मोटार नव्हती. मोटार नव्हती म्हणून पेट्रोल खपत नव्हते, आणि पेट्रोल खपत नव्हते म्हणून रस्ता नव्हता. मुंबई इलाख्याचे पेट्रोल कुठे खपत असेल हे सांगायला संशोधक लागत नाही.

त्या काळात महाराष्ट्रातली सर्व्हिस मोटार कशी चालत होती याचा अभ्यास करायला दोन माणसे निघाली. धनंजयराव गाडगीळ आणि त्यांचे सहकारी गोगटे यांनी मुंबई इलाख्यातल्या सहा जिल्ह्यांतल्या मोटार-बस वाहतुकीची पाहणी केली. ती गोखले अर्थशास्त्र संस्थेने १९३५ साली प्रसिद्ध केली. संस्था तेव्हा अवघी पाच वर्षांची. धंदा बहुतेक एकदोन गाड्यांच्या मालकांच्या हाती होता. गाडी भरली की सुटायची, चांगल्या रस्त्यावर चारजण एकमेकांच्या उतारूंवर तुटून पडायचे, आडरस्त्याला कुणी फिरकायचे नाही. आजही वडापच्या जीपगाड्या पाहिल्या की हे कळायला कठीण जात नाही. याच गाडगीळांच्या नावाने पुढे १९६९ साली केंद्राची मदत राज्यांना वाटायचे सूत्र रूढ झाले. त्यात लोकसंख्येला ६० टक्के वजन होते. पेट्रोल मोजून पैसा वाटणाऱ्या जगातून माणसे मोजून पैसा वाटणाऱ्या जगाकडे यायला चाळीस वर्षे लागली, आणि वाटेत हा गृहस्थ सर्व्हिस मोटारींची पाहणी करत होता. यांत मला संगती दिसते. ती सिद्ध करायला माझ्याजवळ कागद नाही, आणि वाचकाने ती माझी लहर समजायला हरकत नाही.

सरकारला त्या वर्षांत वेगळीच काळजी होती. मोटार रेल्वेचे उतारू पळवत होती. रेल्वेत सरकारचा आणि विलायती भांडवलाचा पैसा अडकला होता. १९३३ साली सिमल्याला रेल्वे आणि रस्ते यांच्या मेळाविषयी परिषद भरली. तिच्या आधीच्या मिचेल–किर्कनेस अहवालात पक्के रस्ते रुळांना समांतर किती धावतात आणि खेड्यांना रुळांशी जोडणारे रस्ते किती थोडे आहेत, ही गोष्ट पुढे आली होती. त्यावर उपाय म्हणून खेड्यांचे रस्ते वाढवता आले असते. सोपा उपाय होता मोटारीला वेसण घालण्याचा, आणि तो आधी झाला.

१९३९च्या मोटार वाहन कायद्याने प्रांताचे ‘प्रदेश’ पाडले आणि प्रत्येकाला परवाने देणारा एक अधिकारी मंडळ दिला. आपण ज्याला आरटीओ म्हणतो त्यातला ‘आर’ तो हा, ‘रीजनल’. प्रादेशिक नियोजन हा शब्द पुढे फार गाजला. पण सामान्य माणसाच्या आयुष्यात ‘प्रादेशिक’ हा शब्द आला तो परवाना आणि दंड यांच्या खिडकीतून. एका प्रदेशाचा परवाना दुसऱ्या प्रदेशात चालत नसे. तिथल्या मंडळाची प्रतिस्वाक्षरी लागे. म्हणजे हद्द ओलांडणाऱ्या प्रत्येक बसगाडीला दोन दारांत उभे राहणे आले. प्रदेश होता, त्याला नकाशा होता, त्याला शिक्का होता. नव्हता तो पैसा. या मंडळाला एक मैल रस्ता बांधता येत नव्हता की आडगावाची तोट्यातली फेरी पदरच्या पैशाने चालवता येत नव्हती.

युद्धाच्या धामधुमीत, डिसेंबर १९४३ मध्ये, प्रांतांचे मुख्य इंजिनिअर नागपूरला जमले आणि त्यांनी वीस वर्षांची रस्ते योजना आखली. आजचे ‘रामा’, ‘प्रजिमा’ ही तिचीच संतती. राष्ट्रीय मार्ग, प्रांतिक मार्ग, जिल्हा मार्ग, ग्रामीण मार्ग ही उतरंड तिथे पक्की झाली. शेतीत पुढारलेल्या भागात कुठलेही गाव पक्क्या रस्त्यापासून पाच मैलांहून लांब नसावे, हे तिचे ध्येय. आज पाच मैल म्हणजे काय हे आजारी माणसाला खांद्यावरून नेलेल्यांना विचारावे, पण त्या वेळी एवढे मनात आणणेही धाडसाचे होते.

रस्त्यांची लांबी काढायला त्यांनी एक सूत्र बनवले. ते मला फार आवडते, कारण त्यात खेडे पहिल्यांदा आकडा म्हणून येते. पाचशेपर्यंत वस्तीच्या गावाला मैलाचा पाचवा हिस्सा. पाचशे ते हजार, अर्धा मैल. हजार ते दोन हजार, एक मैल. दोन ते पाच हजार, दोन मैल. सगळ्यांची बेरीज करायची, वर विकासासाठी १५ टक्के धरायचे. मोठ्या रस्त्यांच्या सूत्रात मुलुखातली रेल्वे जेवढे मैल असेल तेवढे वजा करायचे. रेल्वे आहे तर रस्ता कशाला, हा तीसच्या दशकातला विचार त्या वजाबाकीच्या चिन्हात अजून जिवंत होता. पुढच्या, १९६१ ते ८१च्या मुंबई योजनेत तो गळला.

सूत्राने गावाला किती रस्ता हे सांगितले. तो कुठे जावा हे सांगितले नाही. बेरीज करायला एक मुलूख ठरवावा लागतो आणि तो मुलूख अर्थातच कारभाराच्या हद्दीचा. चंदगडच्या गावांची बेरीज बेळगाव जिल्ह्यात होणार की कोल्हापुरात, यावर मैलांचा आकडा बदलत नाही. पण ते मैल कुठल्या गावाकडे तोंड करून टाकले जातील हे नक्की बदलते. पैशाचे म्हणाल तर स्वातंत्र्याच्या तोंडावर, १ एप्रिल १९४७ पासून, केंद्राने राष्ट्रीय मार्ग आपल्याकडे घेतले आणि बाकीची उतरंड प्रांतांवर आणि बोर्डांवर राहिली. नागपूर योजनेच्या एकूण लांबीचे उद्दिष्ट मुदतीआधीच ओलांडले गेले. त्यात मातीच्या, श्रमदानाच्या, पावसाळ्यात नाहीशा होणाऱ्या वाटांचा भरणा मोठा होता.

आता ज्या एका प्रयत्नाने हद्दी खरोखर पुसल्या त्याकडे येतो. ८ मार्च १९४८ रोजी दक्षिणेतली संस्थाने मुंबई राज्यात विलीन झाली आणि औंध, सांगली, मिरज, फलटण यांच्या हद्दींची गोधडी एका दिवसात उसवली. तीन महिने पुरे व्हायच्या आत, १ जून १९४८ रोजी, नगर–पुणे रस्त्यावर सरकारची पहिली एसटी धावली. या दोन तारखा कुणी शेजारी ठेवत नाही. एसटीचे चरित्र लिहिणारे बेडफर्डच्या गाड्यांपासून सुरुवात करतात, ते ठीकच आहे. पण संस्थानांच्या हद्दी उभ्या असत्या तर त्या गाडीला सातारा–सांगली–कोल्हापूर पट्ट्यात किती प्रतिस्वाक्षऱ्या लागल्या असत्या हेही मनात आणावे.

मराठवाड्यात याहून जुनी परंपरा होती. निजामाच्या राज्यात १९३२ साली रेल्वे खात्यानेच बसगाड्या सुरू केल्या होत्या, २७ गाड्यांनी. इकडे इंग्रजी मुलुखात रेल्वेला मोटारीपासून कसे वाचवावे याची खलबते चालली असताना तिकडे दोन्हींचा मालक एकच झाल्यामुळे भांडणच उरले नव्हते. विदर्भात नागपूरची प्रांतिक वाहतूक सेवा होती. १९५६ नंतर हे तीन संसार एकत्र येत गेले आणि १९६१ साली महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळ उभे राहिले.

एसटीचे यश घोषवाक्यात आहे असे मला वाटत नाही. ते गल्ल्यात आहे. पुणे–मुंबई, नाशिक–पुणे अशा भरून जाणाऱ्या फेऱ्यांचा पैसा आणि डोंगरातल्या गावच्या मुक्कामी गाडीचा पैसा एकाच पेटीत पडतो. मुक्कामाची एसटी ही हिशेबाच्या दृष्टीने आतबट्ट्याची गोष्ट. संध्याकाळी गाडी शेवटच्या गावात जाते, चालक-वाहक तिथेच निजतात आणि पहाटे गाडी परत निघते. पण त्या गाडीने सकाळी कॉलेजची मुले, दुधाच्या किटल्या, कोर्टाच्या तारखेची माणसे आणि बाळंतपणाला माहेरी निघालेल्या मुली तालुक्याला पोचतात. गावाकडे येताना तीच गाडी वर्तमानपत्र आणते. एका आण्याच्या न्यायाने, पेट्रोलच्या न्यायाने ही गाडी कधीच सुटली नसती. इथे सहकार्यासाठी कुणी ठराव केला नाही, परिषद भरवली नाही. पेटी एक होती म्हणून ते झाले.

पण पेटीलाही हद्द असते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार प्रांतरचना झाली. बेळगाव, धारवाड, विजापूर, कारवार हे जिल्हे म्हैसूर राज्यात गेले आणि तिथला एसटीचा संसारही गेला. बेळगाव जिल्ह्यातला चंदगड तालुका तेवढा वेगळा काढून कोल्हापूरला जोडला. सीमाप्रश्नावर पुष्कळ लिहिले गेले आहे आणि माझी त्याबाबतची मते इतर मराठी माणसांसारखीच आहेत. इथे मी बसपुरते बोलतो. चंदगडपासून बेळगाव ४० किलोमीटरच्या आसपास, कोल्हापूर शंभराहून जास्त. मोठा दवाखाना, मोठी बाजारपेठ, रेल्वे स्टेशन हे सारे बेळगावात. कलेक्टर कोल्हापुरात. तालुक्याचे तोंड एकीकडे आणि कागदपत्र दुसरीकडे, असा संसार गेली जवळजवळ सत्तर वर्षे चालू आहे. तो वाईट चालला आहे असे मी म्हणत नाही. तिथली माणसे दोन्हीकडे जाऊन येऊन राहायला शिकली आहेत.

या दोन पेट्यांमध्ये पूल म्हणून जे आहे त्याला परस्पर वाहतूक करार म्हणतात. दोन राज्ये बसून ठरवतात की अमुक मार्गावर तुमच्या इतक्या फेऱ्या, आमच्या इतक्या, तुमच्या गाड्या आमच्या राज्यात इतके किलोमीटर धावतील, आमच्या तुमच्यात तितकेच. गाडीचा कर तिच्या घरच्या राज्यात एकदाच. व्यवस्था समजूतदार आहे, तिच्यामुळेच आज आंतरराज्य गाड्या चालतात. पण तिची तागडी पाहा. एका पारड्यात आमचे किलोमीटर, दुसऱ्यात तुमचे. पारडी सारखी झाली की करार पुरा. मोठ्या शहरांमधल्या लांब फेऱ्यांनी हे किलोमीटर चटकन भरतात. शिनोळीहून बेळगावच्या बाजूला जाणाऱ्या आखूड फेऱ्यांनी किती भरणार? आखूड फेरीत माणसे जास्त आणि किलोमीटर थोडे. लांब फेरीचे उलटे. मोजमाप किलोमीटरचे असेल तर कोण हरणार हे ठरलेले आहे.

हद्दीवरचा हा हिशेब अलीकडे तिकिटातही दिसू लागला आहे. महाराष्ट्रात १७ मार्च २०२३ पासून बायकांना एसटीचे तिकीट अर्धे झाले. त्याआधी पंच्याहत्तरीपुढच्या म्हाताऱ्यांना प्रवास फुकट झाला होता. दोन्ही सवलती राज्याच्या हद्दीपर्यंत. जून २०२३ पासून कर्नाटकाने आपल्या बायकांना आपल्या राज्यात बसप्रवास फुकट केला. दोन्ही योजना चांगल्या आहेत. पण चंदगडच्या बाजूची एखादी बाई बेळगावच्या दवाखान्यात निघाली की वाटेत एका अदृश्य रेषेवर तिची सवलत संपते, आणि पलीकडची फुकट गाडी तिच्यासाठी नाही. तीच बाई कोल्हापूरला शंभर किलोमीटर गेली असती तर सगळी वाट अर्ध्या तिकिटात गेली असती. सवलतीने तिला लांबचा दवाखाना स्वस्त आणि जवळचा महाग केला आहे.

तणाव वाढला की तेवढेही राहत नाही. डिसेंबर २०२२ मध्ये सीमावादावरून दगडफेक झाली आणि दोन्हीकडच्या गाड्या थांबल्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये बेळगावच्या बाजूला भाषेवरून झालेल्या मारहाणीनंतर पुन्हा तेच. मुंबई आणि बंगळूरच्या वर्तमानपत्रांत त्या दिवसांत मंत्र्यांची विधाने छापून आली. गाडी थांबली म्हणून कुणाची तपासणी राहिली, कुणाचा बाजार बुडाला, याची नोंद कुठल्याच खात्याने घेतली असेल असे वाटत नाही, कारण तशी नोंद घेणे कुठल्याच खात्याचे काम नाही. ओलांडणारा माणूस दोन्ही खात्यांच्या हद्दीत अर्धा-अर्धा असतो.

हद्दीपलीकडे पाहण्याची सोय आजच्या कायद्यांत अजिबात नाही असे नव्हे. २०००च्या केंद्रीय रस्ता निधी कायद्याने डिझेलवरच्या उपकराचा निम्मा वाटा ग्रामीण रस्त्यांना दिला. त्याच साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेला बळ मिळाले ते त्यातून. जयकरांचे दोन आणे अखेर खेड्यात पोचले असे म्हणायला हरकत नाही. आंतरराज्य जोडणीसाठीही वेगळा वाटा त्या निधीत ठेवला गेला. पण बाकीचे नियोजन जिल्ह्याच्या चौकटीत. वि. म. दांडेकरांच्या समितीने १९८४ साली रस्त्यांचा अनुशेष मोजला तोही जिल्हावार, आणि घटनेच्या ७४व्या दुरुस्तीने जिल्हा नियोजन समिती आली तिचेही अंगण जिल्ह्याएवढेच. अनुशेष जिल्हावार मोजायला दांडेकरांपाशी सबळ कारण होते. आकडे जिल्हावारच मिळत होते. आकडे जिथे मिळतात तिथेच प्रश्न दिसतो, ही आपल्याकडची जुनी अडचण आहे.

एक जागा तेवढी मला मोकळी दिसते. १९८८च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ८८मध्ये असे सांगितले आहे की दोन राज्यांना फेऱ्यांचा करार करायचा असेल तर त्याचा मसुदा आधी राजपत्रात आणि त्या मार्गावर खपणाऱ्या प्रादेशिक भाषेतल्या वर्तमानपत्रात छापावा आणि लोकांच्या सूचना-हरकती मागवाव्यात. गावांची, फेऱ्यांची, किलोमीटरांची ती बारीक टायपातली जाहिरात. खाजगी बसमालक ती वाचतात, कारण त्यांचा धंदा तिच्यात असतो. चंदगड, जत, अक्कलकोट या तालुक्यांतल्या एखाद्या ग्रामपंचायतीने किंवा शाळेने, आमच्याकडून रोज इतकी मुले आणि इतके रोगी पलीकडे जातात, सबब ही आखूड फेरी करारात घ्या, असे लिहून पाठवले तर ते दोन्ही सरकारांना ऐकून घ्यावे लागते. त्यासाठी कायदा किमान तीस दिवस देतो.